संग्रह आणि वाद्य : जुन्या गिटारींच्या निमित्ताने

 तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत गिटार कुठून आली, असा प्रश्न पडलेले काही चेहरे मला समोर दिसतायत. (हशा) मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘वस्तू’ आणि ‘मूल्य’ या दोन कल्पनांविषयी बरंचसं अमूर्त बोललो. आज एक ठोस उदाहरण घेऊ आणि त्या कल्पना त्याच्यावर घासून बघू. मी स्वतः गिटार वाजवत नाही. माझा तिच्याशी संबंध ऐकण्यापुरता आणि वाचण्यापुरता. पण वाद्य न वाजवणाऱ्या माणसालाही एक प्रश्न विचारता येतो, आणि तोच आज मी विचारणार आहे. जुनं, दुर्मीळ वाद्य जो जमवतो, तो नेमकं काय जमवत असतो?

उदाहरण मी मुद्दाम लांबचं घेतलंय. सतार, तंबोरा म्हटलं की आपल्या मनात लगेच घराणी, गुरू, नमस्कार हे सगळं जागं होतं, आणि मग चिकित्सा जरा अवघड होते. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या गिटारींबद्दल आपल्याला तशी काही भक्ती नाही. तेव्हा तिथे डोकं शांत ठेवून विचार करता येईल.

आधी थोडा इतिहास. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातला कारागीर, जन्म १७९६ चा. त्याच्या गावात, मार्कनॉयकिर्शेनमध्ये, व्हायोलिन बनवणाऱ्यांची संघटना आणि सुतारांची संघटना यांच्यात भांडण होतं. गिटार बनवायचा हक्क कुणाचा, यावरून. व्हायोलिनवाले म्हणत, सुतारांनी गिटारीला हात लावायचा नाही. मार्टिनचं घराणं सुतारांच्या बाजूचं. या कटकटीला कंटाळून १८३३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथ या लहानशा गावी स्थिरावला. कंपनी आजही तिथेच आहे. म्हणजे ज्याच्या वाद्यांना आज देवघरातल्या मूर्तीसारखं जपतात, त्याला त्याच्या गावातल्या प्रतिष्ठित लोकांनी ‘तू सुतार, तुझं हे काम नव्हे’ असं सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

संग्राहक जमवतात त्या गिटारींचे ढोबळ दोन काळ आहेत. पहिला काळ १८३० ते १८६० च्या आसपासचा. छोट्या, अरुंद कंबरेच्या गिटारी, आतड्याच्या तारा लावायच्या. दुसरा काळ साधारण १९२९ ते १९४४ चा. तोवर स्टीलच्या तारा रूढ झाल्या होत्या. १९२९ मध्ये ‘ओएम’ नावाचं मॉडेल आलं. चौदाव्या पडद्यापर्यंत मान मोकळी असलेलं. १९३१ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही मोठ्या पोटाची गिटार कंपनीने स्वतःच्या नावाने बाजारात आणली. ड्रेडनॉट हे ब्रिटिश युद्धनौकेचं नाव. त्या आकाराच्या गिटारी कंपनीने १९१६ पासूनच बोस्टनच्या डिटसन या विक्रेत्यांसाठी बनवल्या होत्या. पुढे या ड्रेडनॉटचं चौदा पडद्यांचं रूप इतकं गाजलं की आज तुम्ही पुण्यात लक्ष्मी रोडवर साधी गिटार घ्यायला गेलात, तरी बहुधा याच आकाराची नक्कल हातात येईल.

या दुसऱ्या काळातल्या दोन मॉडेलांभोवती सगळी धावपळ चालते. एक ‘डी-२८’, जिच्या कडेला हेरिंग माशाच्या काट्यासारखी बारीक तिरकी नक्षी आहे. दुसरी ‘डी-४५’, शिंपल्याच्या जडावाची. ती पहिली १९३३ मध्ये जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉय नटासाठी बनली, आणि १९४२ पर्यंत अशा फक्त ९१ बनल्या. आज यातली एक विकायला निघाली तर किंमत काही लाख डॉलरांत जाते.

का बरं? नुसती दुर्मीळता हे कारण पुरत नाही. एखाद्या बंद पडलेल्या कंपनीची वाईट गिटारही दुर्मीळ असू शकते. इथे एक तांत्रिक कारण सांगितलं जातं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. गिटारीची वरची फळी अगदी पातळ असते. तारांचा ताण धरला तर सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो. तो पेलायला फळीच्या आतल्या बाजूने लाकडी पट्ट्या चिकटवतात, इंग्रजी एक्स अक्षराच्या आकारात. जुन्या मार्टिनमध्ये या पट्ट्या मधे खोलगट तासून हलक्या केलेल्या असत. फळी मोकळी हलते, आवाजाला घेर येतो. पण लोक जाड तारा लावू लागले, फळ्या फुगू लागल्या, दुरुस्त्या वाढल्या. म्हणून १९४४ च्या अखेरीस कंपनीने पट्ट्या तासणं बंद केलं. ती माशाच्या काट्याची नक्षी जर्मनीहून तयार यायची. युद्धामुळे ती यायची थांबली आणि १९४६-४७ च्या सुमारास साठाही संपला. झालं. संग्राहकांच्या पंचांगात ‘सुवर्णकाळ’ इथे संपतो.

पंचांग हा शब्द मी सहज वापरला नाही. १९९१ मध्ये जॉर्ज ग्रून आणि वॉल्टर कार्टर यांनी जुन्या गिटारींवर एक मार्गदर्शक ग्रंथ काढला. ग्रून हे नॅशव्हिलचे नामवंत विक्रेते. वनस्पतिशास्त्राची माणसं पानाच्या कडेवरून, देठावरून झाडाची जात ठरवतात ना, तशी ही पद्धत. खुंट्या कुठल्या, जडाव कसा, अनुक्रमांक किती, यावरून गिटारीचं साल ठरवायचं. मार्टिन कंपनीने १८९८ पासून अनुक्रमांक घातले असल्यामुळे साल जवळजवळ नेमकं सांगता येतं. हे ज्ञान खरं आहे, कष्टाचं आहे, मी त्याची थट्टा करत नाही. माझा आक्षेप आहे तो या ज्ञानातून निघालेल्या एका निकषावर. त्या निकषाचं नाव ‘मूळपणा’.

हा निकष काय म्हणतो? खुंट्या मूळच्या हव्यात. पॉलिश मूळचं हवं. घोडी मूळची हवी. पुन्हा पॉलिश केलेली गिटार निम्म्या किमतीवर येते, असा या व्यापारातला ढोबळ नियम आहे. सगळ्यात मान कुणाला? जी पलंगाखाली पेटीत ऐंशी वर्षं पडून राहिली, जिच्यासोबत दुकानाची पावतीसुद्धा आहे, तिला.

आता जरा थांबून विचार करा. ऐंशी वर्षं पलंगाखाली का पडून राहिली ती? कुणीतरी हौसेने घेतली, दोन महिने बोटं दुखवून घेतली आणि सोडून दिली. किंवा ती वाजवणाऱ्याला आवडलीच नाही. आणि जी आवडली, ती रोज हातात आली. तिचं पॉलिश कोपराखाली उडालं, पडदे झिजले, ते बदलावे लागले, घोडी उचकटली, पुन्हा बसवली. म्हणजे मूळपणाच्या निकषावर नावडती पहिली येते आणि लाडकी नापास होते. वाद्यांच्या परीक्षेचा निकाल असा लागत असेल, तर परीक्षकाने काहीतरी भलतंच तपासलंय असं मी म्हणेन.

हायडेगरचा हातोडा तुम्हाला आठवत असेल. १९२७ च्या ग्रंथात तो म्हणतो की हातोड्याकडे नुसतं बघून हातोडा कळत नाही. तो चालवताना कळतो. हातात असतो तेव्हा तो आपल्या लक्षातही येत नाही, लक्ष खिळ्याकडे असतं. बिघडला, अडला, की मग तो ‘वस्तू’ म्हणून समोर उभा राहतो. संग्राहकाची काचेआडची गिटार अशी कायमची ‘समोर उभी राहिलेली’ गिटार आहे. ती बिघडलेली नाही, तरी तिला बिघडलेल्या हातोड्याचं जिणं आलंय.

यावर संग्राहकाचं उत्तर तयार असतं. तो म्हणतो, ‘सर, वस्तू जशी बनवली तशी ठेवणं हाच तिच्या कारागिराचा सन्मान.’ हे उत्तर वजनदार वाटतं. पण कारागिराने काय बनवलं होतं, ते बघा. मान आणि पोट यांचा सांधा जुन्या मार्टिनमध्ये खाचेत बसवून सरसाने चिकटवलेला असतो. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो जुना गोंद, आपल्याकडचे सुतारही तो वापरत आलेत. त्याचा गुण हा की वाफ दिली, ऊब दिली की तो सुटतो. तारांच्या ताणाने काही दशकांत मानेचा कोन बदलतो, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. मग सांधा वाफेने सोडवायचा, किंचित तासायचा, पुन्हा बसवायचा. सुटू शकेल असा सांधा असला की हे काम सोपं होतं. असं वाद्य पुन्हा उघडायला जणू तयारच असतं. मग ते कधीच न उघडणं, हा कारागिराचा सन्मान कसा?

मिरजेच्या तंबोऱ्यांची जवारी काढणारी माणसं तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. घोडीचा माथा घासून घासून तारेचा झणत्कार लावायचा. वाजवून जवारी उतरते, पुन्हा लावावी लागते. ‘मूळ जवारी शाबूत असलेला शंभर वर्षांचा तंबोरा’ असं कुणी म्हणालं तर आपण हसू. म्हणू, म्हणजे तो शंभर वर्षांत कुणी वाजवलाच नाही की काय!

इथे एक जुना तात्त्विक प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का? मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आपण गेल्या वर्षी पाहिला. नागसेन विचारतो, राजा, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे काय? दांडी? आस? चाकं? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नुसतं नाव आपण वापरतो. उलट नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा आणि खरा आहे. संग्राहक या वादात कुठे बसतो? गंमत अशी की तो बोलतो नैयायिकासारखं आणि वागतो नागसेनाच्याही पलीकडे. तोंडाने म्हणतो, ‘ही अखंड एक गिटार आहे.’ भाव करताना खुंट्यांचे इतके, पॉलिशचे इतके, घोडीचे इतके असा एकेक भाग मोजून वजा करतो. (हशा)

मला स्वतःला तिसरं उत्तर बरोबर वाटतं. वाद्याचं तेपण त्याच्या भागांत नाही, आणि भागांपलीकडच्या एखाद्या गूढ ‘अवयवी’तही नाही. ते वापराच्या आणि दुरुस्तीच्या न तुटलेल्या साखळीत आहे. याला एक उदाहरण देतो, गिटारीच्या जगात ते प्रसिद्ध आहे.

१९३५ ची एक डी-२८ आहे. ती क्लॅरेन्स व्हाइट या वादकाकडे तरुणपणी आली, तेव्हाच तिची दशा वाईट होती. आवाजाचं भोक कातून मोठं केलेलं, पडद्यांची पट्टी मूळची नाही. संग्राहकाच्या तराजूत कचरा. क्लॅरेन्सने तिच्यावर अमेरिकन ब्लूग्रास संगीतातल्या गिटारीचं स्थानच बदलून टाकलं. ताल धरणारं वाद्य पुढे येऊन सूर बोलू लागलं. टोनी राइस नावाच्या मुलाने लहानपणी लॉस एंजेलिसला ती गिटार बघितली होती. क्लॅरेन्स १९७३ मध्ये अपघातात गेला. टोनीने तिचा शोध काढून १९७५ मध्ये ५५० डॉलरना ती मिळवली आणि आयुष्यभर वाजवली. १९९३ मध्ये फ्लोरिडात वादळाचं पाणी घरात शिरलं, त्यात ती बुडाली. वाळवली, दुरुस्त केली, पुन्हा वाजली. टोनी राइस २०२० च्या डिसेंबरात वारले.

आता बघा काय झालं. ते कातून मोठं केलेलं भोक, जो सरळसरळ दोष होता, त्याची नक्कल करून आज नव्या गिटारी बनवल्या जातात. सांताक्रूझ नावाच्या कंपनीने टोनी राइसच्या नावाचं मॉडेलच काढलं, मोठ्या भोकाचं. म्हणजे ज्या गिटारीत मूळपणा सगळ्यात कमी, तीच इतरांसाठी ‘मूळ’ झाली. मूळ हे कारखान्याच्या दारात एकदाच ठरत नाही, ते मागून वाजवणाऱ्यांनीही ठरवलेलं असतं, हे मला यातून दिसतं.

कुणी म्हणेल, ‘अहो, ही तर नामवंतांच्या हाताची जादू. तेवढी सूट आम्ही देतोच.’ बरोबर आहे, देतात. तिथे तर विसंगती अधिकच उघडी पडते. १९५९ ची मार्टिन ‘डी-१८ई’ हे मॉडेल घ्या. साध्या गिटारीवर विजेचे पिकअप बसवलेले, थोडक्यात वर्षभरात बंद पडलेला प्रयोग. वाद्य म्हणून तिला संग्राहकांत फारसा मान नव्हता. त्यातली एक कर्ट कोबेनने डावखुरी करून घेतली, आणखी एक पिकअप बसवलं आणि १९९३ मध्ये एमटीव्हीच्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमात वाजवली. जून २०२० मध्ये ती लिलावात ६० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. आता हा व्यवहार वाद्याचा नाहीच. हा अवशेषांचा व्यवहार आहे, संतांच्या अस्थी जपतात तशातला. त्याचं मला वावडं नाही. पण मग तत्त्व काय उरलं? प्रसिद्ध कोपराने उडवलेलं पॉलिश किंमत वाढवतं आणि अप्रसिद्ध कोपराने उडवलेलं कमी करतं. एखाद्या गावातल्या चर्चमध्ये चाळीस वर्षं दर रविवारी वाजवणाऱ्या बाईचा कोपर हिशेबातच नाही.

बरं, शेवटचा आधार म्हणून आवाजाकडे वळतात. ‘काही म्हणा सर, त्या जुन्या लाकडाचा आवाज येणे नाही.’ आवाजाचा दावा तपासता येतो, आणि तो तपासला गेलाय. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त मागच्या आणि बाजूच्या फळ्यांचं लाकूड वेगळं. ब्राझिली रोझवुड, भारतीय रोझवुड, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोड. ५२ वादकांना काय वाजवतोय ते दिसणार नाही अशी व्यवस्था करून त्या वाजवायला दिल्या. लाकडागणिक पसंतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. व्हायोलिनच्या बाबतीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकवीस अनुभवी वादकांना वेल्डिंगचे गॉगल घालून स्ट्रॅडिव्हेरियस आणि नवी व्हायोलिनं दिली होती. सगळ्यात जास्त आवडलेलं वाद्य नवं निघालं, आणि सगळ्यात कमी आवडलेलं एक स्ट्रॅडिव्हेरियस.

या प्रयोगांतून काय सिद्ध होतं आणि काय नाही, हे नीट वेगळं केलं पाहिजे. लँकेस्टरच्या गिटारी नव्या होत्या. त्यामुळे तो प्रयोग जुन्या गिटारीबद्दल काही सांगत नाही, फक्त लाकडाच्या जातीबद्दल सांगतो. व्हायोलिनचा निष्कर्ष जसाच्या तसा गिटारीला लावता येत नाही. १९३० च्या दशकातल्या उत्तम डी-२८ चा आवाज खरोखर सुंदर असू शकतो. सिद्ध होतं ते इतकंच की डोळ्यांना माहीत असलेली गोष्ट कान ‘ऐकू’ लागतात. आणि डोळ्याने ऐकणाऱ्याने किंमत कानाच्या नावावर खपवू नये.

हे सगळं श्रीमंतांच्या छंदाचं आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण इथे लाकडाचा मुद्दा येतो, आणि तो थेट आपल्या दारात येतो.

त्या जुन्या डी-२८ ची पाठ ब्राझिली रोझवुडची. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातलं हे झाड. तोड अतोनात झाली. ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले, आणि १९६९ मध्ये मार्टिन कंपनी आपल्या नेहमीच्या मॉडेलांसाठी दुसऱ्या लाकडावर गेली. कुठल्या? आपल्या शिसवावर. दक्षिण भारतातला, सह्याद्रीतला शिसव. आजीच्या घरातलं शिसवी कपाट आठवा, तेच लाकूड. १९९२ मध्ये ब्राझिली झाडाला वन्य प्रजातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात सगळ्यात कडक यादीत टाकलं गेलं. २०१७ च्या जानेवारीपासून त्या कुळातली बाकीची झाडं, म्हणजे आपला शिसवही, दुसऱ्या यादीत आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

आता संग्राहकांच्या बाजारात १९६९ हे साल भिंतीसारखं उभं आहे. भिंतीच्या अलीकडची गिटार ‘खरी’, पलीकडची ‘भारतीय लाकडाची’. जो फरक ५२ वादकांच्या हातांना जाणवला नाही, त्याच्यासाठी दाम मोजला जातो, आणि त्या दामामुळे उरलेल्या झाडांवर, जुन्या खोडांवर, चोरट्या साठ्यांवर डोळा राहतो. दुर्मीळतेला मूल्य मानलं की झाड संपत आलं ही बातमीसुद्धा भाव वाढवते. असं मूल्य मला विकृत वाटतं. आणि शिसवही उद्या ब्राझिली भावासारखा दुर्मीळ झाला, तर ‘शिसवाच्या काळातल्या’ गिटारी जमवणारे उभे राहतील. यात शंका घेण्याचं कारण दिसत नाही.

मध्यंतरात एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. ‘मग सर, सगळ्या जुन्या गिटारी वाजवून वाजवून संपवायच्या का? संग्राहकांनी जपल्या नसत्या तर तुम्हाला आज हे बोलता तरी आलं असतं का?’

चांगला प्रश्न आहे. आणि दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर ‘नसतं’ असं आहे. दोन गोष्टी संग्राहकांच्या पारड्यात टाकल्याच पाहिजेत.

पहिली. पट्ट्यांची ती एक्स अक्षराची रचना कधीची? मार्टिनने १८४३ मध्ये मादाम दे गोन्यी या स्पॅनिश वादक बाईंसाठी बनवलेल्या गिटारीत ती सापडते, आणि मार्टिनची आज माहीत असलेली ती सगळ्यात जुनी आहे. ही रचना आतड्याच्या तारांच्या काळात आली, आणि सुमारे ऐंशी वर्षांनी स्टीलच्या तारांचा ताण तिनेच पेलला. हा इतिहास कळला तो संग्राहकांनी आपल्या गिटारी अभ्यासकांपुढे ठेवल्या म्हणून, आत आरसे घालून बघू दिलं म्हणून. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मार्टिनच्या आरंभीच्या गिटारींचं प्रदर्शन भरलं, ते याच कामाच्या जोरावर.

दुसरी. तासलेल्या पट्ट्या कंपनीने १९४४ मध्ये सोडल्या. पण जुन्या गिटारींचा हट्ट धरणारे वादक, दुरुस्ती करणारे आणि संग्राहक यांनी ती गोष्ट विसरू दिली नाही. १९७६ मध्ये कंपनीने स्वतःच ‘एचडी-२८’ नावाने तासलेल्या पट्ट्या आणि ती माशाच्या काट्याची नक्षी परत आणली. कारखाना जे सोडून बसला होता, ते त्याला त्याच्याच जुन्या मालाने पुन्हा शिकवलं. आणि एकदा परत आलेलं ते ज्ञान कुण्या एकाच्या कपाटात राहिलं नाही. आज मध्यम किमतीच्या गिटारीतही तासलेल्या पट्ट्या मिळतात.

आपल्याकडे पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका माणसाने आयुष्यभर वस्तू गोळा केल्या, त्यात वाद्यंही आली, आणि १९७५ मध्ये तो संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. आपल्या भाषेत ‘संग्रह’ आणि ‘परिग्रह’ असे दोन शब्द आहेत, दोन्हींचा धातू एकच. योगशास्त्राने ‘अपरिग्रह’ सांगितला. परि म्हणजे भोवती. परिग्रह म्हणजे भोवती कवटाळून धरणं. सम् म्हणजे एकत्र. वस्तू एकत्र आल्यामुळे त्यांच्यात तुलना होते, त्यांतून काही कळतं, तेव्हा तो संग्रह. १८४३ ची गिटार अभ्यासकापुढे येते तेव्हा संग्रह. ९१ पैकी एक तिजोरीत जाते आणि पुढच्या लिलावालाच बाहेर येते तेव्हा परिग्रह. वस्तू तीच, मालकही कदाचित तोच.

आता चिठ्ठीचा पहिला अर्धा भाग. वाजवून संपवायच्या का? ‘हेटफुल एट’ या २०१५ च्या चित्रपटाची गोष्ट माहीत असेल. मार्टिनच्या संग्रहालयाने १८७० च्या दशकातली एक गिटार चित्रीकरणाला उसनी दिली होती. कर्ट रसेल या नटाला ती खोटी वाटली, आणि प्रसंगाप्रमाणे त्याने ती आपटून फोडली. संग्रहालयाने मग चित्रपटांना गिटारी देणं बंद केलं. कुणीही म्हणेल, बघा, बाहेर काढली की हे होतं. पण त्या दिवशी गिटार वाजवल्यामुळे फुटली नाही. हातातल्या वस्तूची ओळख नसल्यामुळे फुटली. ओळख असणारी माणसं कमी होत जाणं, हाच तर न वाजवण्याचा परिणाम.

म्हणून सरसकट नियम मी सांगणार नाही. १८४३ ची एकमेव साक्षीदार असलेली गिटार रोज मैफलीला नेऊ नये, हे उघड आहे. तिच्यावरून घेतलेली मापं मात्र कारागिरांना मिळावीत. १९३५ ची डी-२८ एकमेव नाही. ती वाजू द्यावी, मान सैल झाली तर बसवू द्यावी, पडदे झिजले तर बदलू द्यावेत, आणि या दुरुस्त्या कुणी कधी केल्या याची नोंद तिच्यासोबत ठेवावी. आज दुरुस्ती लपवायची गोष्ट झाली आहे, कारण ती भाव पाडते. ती नोंद अभिमानाने दाखवायची गोष्ट झाली तर बाजाराचा निकष निम्मा तरी सुधारेल.

तुमच्या ओळखीत कुणी जुनी वाद्यं जमवणारा असेल, गिटारी असोत वा सारंग्या, तर त्याला किंमत विचारू नका. हे वाद्य शेवटचं कधी वाजलं, कुणी वाजवलं, आणि दुरुस्त कुणी केलं, एवढं विचारा. तो उत्साहाने सांगू लागला तर बसा, चहा घ्या, त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. तो म्हणाला, ‘छे, याला कुणी हात लावलेला नाही’, तर त्याच्याकडे एक दुर्मीळ लाकडी वस्तू आहे असं समजा. वाद्य आहे की नाही, ते अजून ठरायचंय.

वेळ झाली. शिसवाच्या तोडीचा मुद्दा आज थोडक्यात आला. तो ‘निसर्ग आणि मालकी’ या पुढच्या व्याख्यानात सविस्तर घेऊ.